पिंजरा अकरा

उंदरीला पाळी येत नाही,
म्हणून आजार आधी शिवावा लागतो.

शिरपुरात मे. बाहेर पंचेचाळीस,
प्राणिगृहात बावीस,
आणि लाईट गेली की गिलदार पावरा
जनरेटरकडे पळतो, चप्पल न घालता.

तिच्या गर्भाशयाला दोन शिंगं असतात.
एक कापून घ्यायचं,
मिठाच्या पाण्यात उभं चिरून उघडायचं,
पाच मिलिमीटरचा चौकोन काढायचा
आणि पोटाच्या आतल्या भिंतीला लावायचा
रेशमी धाग्याने, चार टाके.
आत्या गोधडीला ठिगळ लावायची,
पण ते निदान वरून दिसायचं.

माझं ठिगळ कुणी लावलं ते माहीत नाही.
बारावीच्या प्रॅक्टिकलला ब्युरेट सोडून
मी टेबलाखाली बसले होते.
धुळ्याचे डॉक्टर म्हणाले, गॅस.
जळगावचे म्हणाले, लग्न झालं की थांबेल.
आई म्हणाली, पोट तं समदासनंच दुखस, माय,
आणि वीट तापवून फडक्यात गुंडाळून दिली.
नऊ वर्षांनी नाशिकला दुर्बिणीतून
कुणीतरी पहिल्यांदा आत पाहिलं.
चॉकलेट सिस्ट म्हणतात त्या गाठीला.
नाव ठेवणारा जेवून उठलेला असावा.

विषय का निवडला, या रकान्यात मी लिहिलं:
कमी संशोधन झालेले क्षेत्र.
देवरे सरांनी सही केली.

रोज सकाळी स्मिअर. काचेवर एक थेंब,
पेशी कधी गोल, कधी
केळीच्या वाळल्या पानासारख्या कडेने मुडपलेल्या.
चार दिवसांचं चक्र तिचं.
मी माझ्या अठ्ठावीसची वाट पाहते,
ती तोवर सात वेळा फिरून येते.

मग औषध. केळफुलाचा अर्क, नळीने, घशातून,
अठ्ठावीस दिवस.
तिसऱ्या गटाला जास्त, दुसऱ्याला कमी,
पहिल्याला फक्त पाणी आणि गोंद.
अकरा नंबर पहिल्या गटातली.
तिला रोज नळी, रोज काहीच नाही.

दुखणं मोजायचा तक्ता भिंतीवर चिकटवलाय:
डोळे किती मिटले, कान किती मागे गेले,
मिशा किती ताठ.
शून्य, एक, दोन.
एकदा फ्रीजच्या काचेत
मी स्वतःला गुण दिले. दोन, दोन, आणि मिशा नाहीत.
गिलदार तक्त्याकडे बघत नाही.
मॅडम, म्हणतो, अकरावाली आज पाठ काढून बसलीय.
शेपटी न धरता, पोटाखाली तळहात घालून उचलतो,
आणि ती त्याच्या हातात
थोडी सैल होते.
या सैल होण्याला तक्त्यात रकाना नाही.

शेवटच्या दिवशी पोटं उघडली.
लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची, गुणिले शून्य पॉइंट बावन्न.
तिसऱ्या गटात गाठी आटलेल्या.
दुसऱ्यात जेमतेम.
पहिल्यात टपोऱ्या, पाण्याने भरलेल्या,
फक्त अकराची
विरून गेलेली. जागेवर धागा तेवढा.

सर म्हणाले, आउटलायर आहे, काढून टाका,
पी व्हॅल्यू सुधारेल.
मी म्हटलं, सर, ती बरी झालीय.
ते म्हणाले, कशाने?
मी कसं सांगणार. पाण्याने? गोंदाने?
गिलदारच्या तळहाताने म्हटलं असतं
तर प्रबंध तिथेच मिटला असता.

आकडा ठेवला. तक्ता कुरूप झाला.

मराठी सारांशात मी लिहिलं, बळी दिले.
सरांनी खोडून केलं, प्राण्यांचा अंत करण्यात आला.
आम्ही दोघांनीही
"मी मारलं" असं लिहिलं नाही.

त्या संध्याकाळी पिंजरे धुताना
पोटात तीच ओळखीची पीळ.
गोळी घेतली, ओट्याला टेकून उभी राहिले.
गिलदारने काही विचारलं नाही,
स्टूल सरकवलं, आणि ब्रश
माझ्या हातून घेतला.

अकराचं कार्ड एप्रनच्या खिशात राहिलं होतं.
धुण्यात भिजलं. गट पुसला, तारीख पुसली.
वजन तेवढं वाचता येतं:
एकशे शहाऐंशी ग्रॅम.